परमुलखातील पाण्यात गळ टाकताना

साजगावच्या मंडळींपुढे मासळीवर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. बोंबल्या विठोबाच्या यात्रेचे हे गाव. कार्तिकी एकादशीपासून येथे यात्रा भरते आणि देवदर्शन आटोपून परतणारा माणूस वर्षाची सुकी मासळी पिशवीत घालून घरी नेतो. उपवासाचा देव आणि बोंबलाची पाटी जेथे इतक्या सुखाने शेजारी नांदतात, तेथील श्रोत्यांना मासा म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. म्हणून आजचा विषय बाजारातल्या मासळीचा नाही, कोळ्याच्या जाळ्याचाही नाही. काठी, दोरी, एक गळ आणि भरपूर सवड एवढ्या भांडवलावर गोड्या पाण्यातला मासा पकडण्याचा जो छंद आहे, त्या छंदाचा हा विषय आहे. आणि त्यातही आपले गाव सोडून परमुलखात राहावयास गेलेल्या माणसाने, कधी न पाहिलेल्या माशासाठी, अनोळखी पाण्यात गळ टाकावा तेव्हा काय घडते, याचा.

हा विषय आपला कसा, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले साधे आहे. आज आपल्या तालुक्यांतील किती तरी घरांतली मुले इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंड अशा देशांत नोकरीला आहेत. तिकडे तळी आहेत, नद्या आहेत, सुटीचे दिवस आहेत. शेजारी गळ घेऊन निघतो तेव्हा आपला मुलगाही त्याच्याबरोबर जातो आणि एक दिवस हातात भलताच मासा धरलेले त्याचे छायाचित्र घरी येते. आजोबा विचारतात, "हा कोणता रे?" मुलगा म्हणतो, "माहीत नाही, पण मोठा आहे!" दुसरे उत्तर मात्र जरा मागे जाऊन शोधावे लागते. आपण ज्या नद्यांना घरच्या म्हणतो, त्या एके काळी कोणासाठी तरी परमुलखातल्या होत्या. सातासमुद्रापलीकडून आलेली माणसे आपल्या मुळा-मुठेच्या आणि कावेरीच्या काठी अनोळखी माशांसाठी बसली होती. त्यांनी काय बरोबर केले आणि त्यातून पुढे काय बिघडले, हे पाहिले म्हणजे आपल्या मुलांनी तिकडे कसे वागावे ते आपोआप कळते.

प्रथम कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे उदाहरण घेऊ. १७९० साली जन्मलेला हा कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी. पेशवाई गेल्यानंतर नव्या मुलखाची मोजदाद करण्याच्या कामावर १८२४ साली त्याची नेमणूक झाली. पिके, पाऊस, लोकसंख्या यांची माहिती गोळा करता करता हा गृहस्थ दख्खनचे पक्षी, प्राणी आणि मासेही टिपू लागला. विलायतेस परतल्यावर १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. साइक्स हा काही छंदी गळवाला म्हणून प्रसिद्ध नाही. पण परक्या पाण्याशी ओळख कशी करून घ्यावी याचा धडा त्याच्यापाशी आहे. शास्त्रात नव्या प्राण्याला लॅटिन वळणाचे नाव देण्याची रीत. एखाद्या लॉर्डसाहेबाचे नाव देऊनही मोकळे होता येते, आणि काही माशांच्या बाबतीत साइक्सनेही तसेच केले. परंतु अनेक माशांना त्याने येथल्या लोकांच्या तोंडचीच नावे ठेवली. शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावात आज जे 'सीनघाला' आहे, ते आपल्या शिंगाळ्याचेच रूप आहे. कोळस, नुक्ता, खुद्री ही नावेही त्याने अशीच उचलली. आज जगातल्या कोणत्याही देशातला मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महाशीर माशाला 'टॉर खुद्री' म्हणतो, तेव्हा तो नकळत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी नदीकाठी कोणी उच्चारलेला शब्द उच्चारत असतो. ज्याने तो शब्द सांगितला त्याचे नाव कोठे नोंदलेले नाही. शब्द मात्र टिकला, कारण साहेबाने विचारले होते.

परमुलखातील पाण्याचा पहिला नियम येथेच मिळतो: माशाचे नाव तेथल्या माणसाला विचारावे. नाव विचारले की नावामागून बाकीचे येते. हा मासा खातो काय, कोणत्या महिन्यात वर चढतो, कोणत्या डोहात बसतो, खावा की नाही, हे सारे त्या एका प्रश्नाच्या पोटात असते.

दुसरा माणूस खराखुरा गळवाला. हेन्री सलिव्हन टॉमस हा मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी, दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर. १८७३ साली मंगळूरहून त्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक निघाले. हिंदुस्थानात नोकरीसाठी आलेल्या इंग्रजाला सुटीच्या दिवशी गळ कसा टाकावा हे समजावून देणारे ते पुस्तक. ते इतके खपले की पुढे त्याच्या आवृत्त्या निघाल्या, आणि १८८७ साली तळ्यातल्या गळाच्या शिकारीवर त्याने आणखी एक पुस्तक लिहिले. टॉमसच्या वाचकांची अडचण अशी होती की त्यांच्या डोक्यात मायदेशाची सामन आणि ट्राउट ही मासळी बसलेली. महाशीर दिसला की ते त्याला हिंदुस्थानचा सामन समजत. साम्य वरवरचेच होते. दोघेही मोठे, दोघेही वाहत्या पाण्यातले, गळाला लागले की दोघेही जिवाच्या आकांताने झुंजणारे. पण सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत येतो. महाशीर जन्मभर गोड्या पाण्यातच असतो. सामन-ट्राउटच्या जबड्यात दात असतात. महाशीर हा रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याच्या जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत, आणि त्या घशातल्या दातांनी तो खेकडे, शिंपले चुरडून खातो. काठावरच्या झाडाची पडलेली फळेही खातो, लहान मासेही गिळतो. तेव्हा सामनच्या हिशेबाने गळ टाकणाऱ्याची फजिती ठरलेली. घरच्या माशाचे ज्ञान परक्या माशाला जसेच्या तसे लावू नये, हा झाला दुसरा नियम.

मग अनोळखी पाणी वाचावे तरी कसे? त्याचे काही साधे ठोकताळे आहेत आणि ते जगात कोठेही चालतात.

पहिला ठोकताळा तोंडाचा. माशाचे तोंड वरच्या बाजूला उघडत असेल तर तो पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपणारा. तोंड खाली वळलेले आणि ओठांशी मिशा असतील तर तो तळ चाचपून खाणारा, आपल्या शिंगाळ्यासारखा. गढूळ पाण्यात डोळ्यांचे काम मिशा करतात. तोंड मोठे, जबडा दातेरी आणि अंग लांबट असेल तर तो दबा धरून झडप घालणारा, आपल्या मरळीसारखा. युरोप-अमेरिकेतला पाईक हा मासा मरळीच्या कुळातला नाही, पण धंदा तोच. पाणवेलींच्या आडोशाला स्थिर राहतो आणि समोरून जाणाऱ्या माशावर तुटून पडतो. त्याचे दात साधी दोरी कापून टाकतात, म्हणून गळाच्या वर वीतभर तार लावावी लागते. ती लावली नाही तर मासा गळ तोंडात घेऊन जातो आणि नंतर हकनाक मरतो.

दुसरा ठोकताळा पाण्याच्या उष्णतेचा. मासा स्वतःचे अंग ऊबदार ठेवीत नाही. पाणी जितके गरम, तितके त्याचे अंग गरम आणि तितकी त्याची भूक व प्राणवायूची गरज जास्त. गंमत अशी की पाणी तापले की त्यातला विरघळलेला प्राणवायू मात्र कमी होतो. शून्य अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मा. थंड पाण्याचा ट्राउट म्हणूनच झऱ्यांच्या आणि डोंगरी ओढ्यांच्या आश्रयाने राहतो, आणि उन्हाळ्यात पाणी तापले की त्याला गळाने दमविणे म्हणजे जवळजवळ मारणेच होय. समजदार गळवाले अशा दिवशी काठी घरी ठेवतात. उलट मरळीला पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेता येते, म्हणून ती आटत आलेल्या डबक्यातही तग धरते.

तिसरा ठोकताळा प्रवाहाचा. मासा उगाच शक्ती खर्च करीत नाही. जोराच्या धारेत तो उभा राहत नाही. धार आणि संथ पाणी यांची जेथे शिवण असते, दगडाच्या मागे जेथे पाणी थबकते, तेथे तो थांबतो आणि वाहत येणारे अन्न टिपतो. ही शिवण ओळखता आली की निम्मी शिकार झाली. नदी टेम्स असो की उल्हास, पाण्याचा हा स्वभाव बदलत नाही.

आता टॉमसनंतरची गोष्ट. दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यात जो महाशीर गळवाल्यांना सापडे, तो पाठीवर मोठा उंचवटा असलेला, सोनेरी-नारिंगी झाकेचा आणि अचाट वाढणारा. १९४६ साली म्हैसूरच्या वॅन इंगेन घराण्यातील एका शिकाऱ्याने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर काढला. पुढे स्वातंत्र्य आले, साहेब गेले, धरणे झाली, सुरुंग लावून मासे मारणे वाढले; आणि हा मोठा मासा संपला असावा अशी समजूत पसरली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज तरुण त्याला शोधीत आले आणि कावेरीत तो अजून आहे हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर नदीकाठी गळवाल्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. तेथला दंडक असा होता की मासा पकडावा, वजन करावे, नोंदवहीत लिहावे आणि जिवंत सोडून द्यावा. पूर्वी चोरटी मासेमारी करणाऱ्या काहींना छावण्यांनी वाटाडे म्हणून कामावर घेतले. परदेशी पाहुण्याच्या हौसेतून गावाला रोजगार आणि नदीला राखण, असा हा व्यवहार होता.

येथपर्यंत कथा गोड आहे. आता तिची दुसरी बाजू पाहू, आणि त्या बाजूचे एक टोक आपल्या अगदी जवळ आहे.

परमुलखात गेलेल्या सगळ्यांनाच अनोळखी मासा रुचत नाही. काहींना घरच्याच माशाची आठवण येते आणि ते तो मासा बरोबर नेतात. इंग्रजांनी १९०० साली विलायती ट्राउट काश्मीरच्या ओढ्यांत वाढवावयास घेतला. त्याच्या आधी, १८६०च्या दशकात, तोच ट्राउट न्यूझीलंडला पोहोचला होता. तेथल्या मूळ लहान माशांना या पाहुण्याने पुष्कळ ठिकाणी हुसकावले. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या आवडीचा कार्प मासा १८७७ साली तेथल्या सरकारी मत्स्यखात्याने मुद्दाम आणविला. काही वर्षांतच तो तळ उकरून पाणी गढूळ करू लागला आणि आणणाऱ्यांनाच नकोसा झाला.

आपल्या मरळीच्या एका चुलतभावाची हकीकत तर परदेशी राहणाऱ्या प्रत्येक मत्स्यप्रेमी माणसाने पाठ करावी अशी आहे. २००२ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यातील क्रॉफ्टन या गावच्या तळ्यात एका गळवाल्याला विचित्र मासा लागला. ओळख पटली ती चीनकडच्या मरळीची. चौकशीअंती कळले की एका गृहस्थाने सूप करण्यासाठी बाजारातून जिवंत मासे आणले होते. त्यांचे काम उरले नाही, तेव्हा काही काळ पाळून ते दोन मासे त्याने तळ्यात सोडून दिले. मारण्यापेक्षा सोडणे बरे, असा कोणालाही पटणारा विचार! पण मरळ आपल्या पिल्लांची राखण करते, हवा घेऊन जगते आणि समोर येईल ते खाते. तळ्यात तिची शेकड्यांनी पिल्ले निघाली. शेवटी सरकारने औषध टाकून त्या तळ्यातले सगळेच मासे मारले. त्याच वर्षी मरळीच्या संपूर्ण कुळाच्या जिवंत आयातीवर अमेरिकेने बंदी घातली. तरीही २००४ साली तोच मासा पोटोमॅक नदीत आढळला आणि आज तेथे तो कायमचा वस्तीला आला आहे. मेरीलँडमध्ये गळवाल्यांना सरकार सांगते की हा मासा लागला तर सोडू नका, मारा आणि खा.

हे ऐकून आपण म्हणू, परक्यांच्या या चुका. म्हणून आता खोपोलीच्या वीजघराकडे वळू या. १९१५ साली टाटांचे हे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांत अडविलेले पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोसळते, चाके फिरविते आणि पाताळगंगेत येते. जे पाणी इंद्रायणीने भीमेला आणि भीमेने कृष्णेला देऊन बंगालच्या उपसागरात न्यावयाचे, ते आपल्या दारावरून पश्चिम समुद्राला मिळते. माणसाने नदीची दिशा बदलली ती येथे. त्याच वळवणच्या तलावाकाठी १९७०च्या सुमारास महाशीर माशाचे पैदास केंद्र उभे राहिले. राज्याच्या मत्स्यखात्यात मोठे काम केलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे खुद्री महाशीराची कृत्रिम पैदास साधली. मादीच्या पोटावरून हलक्या हाताने अंडी काढावयाची, त्यांवर नराचे वीर्य सोडावयाचे आणि वाहत्या स्वच्छ पाण्यात ती उबवावयाची, अशी ही रीत. धरणांनी महाशीराची चढण्याची वाट अडविली होती. अशा वेळी लाखो पिल्ले तयार करता येणे हा मोठाच पराक्रम होता, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटणे योग्यच आहे.

ही पिल्ले अनेक राज्यांना दिली गेली. कर्नाटकालाही गेली आणि कावेरीत सोडली गेली. हेतू चांगला होता: महाशीर कमी झाला आहे, तर महाशीर सोडू. पण कावेरीचा महाशीर आणि मुळा-मुठेचा महाशीर एक नव्हे, ही बाब त्या वेळी कोणाच्या ध्यानी आली नाही. निळसर पंखांचा आपला खुद्री तेथे फोफावला. नोंदवह्या मात्र छावणीत पडून होत्या. पुढे शास्त्रज्ञांनी १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी तपासल्या. सहा हजारांहून अधिक महाशीर पकडून सोडल्याच्या त्या नोंदी होत्या. त्यांतून दिसले ते असे, की एकंदर मासे वाढत होते. पण ते वाढत होते खुद्री. पाठीवर उंचवटा असलेला, कावेरीचा स्वतःचा महाशीर वर्षागणिक घटत चालला होता.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. ज्या माशासाठी दीडशे वर्षे देशोदेशीचे शिकारी कावेरीवर आले, त्या माशाला शास्त्रात धड नावच नव्हते! कावेरीच्या एका दक्षिणेकडील उपनदीतून २००७ साली लहान माशांवरून एका जातीचे वर्णन झाले होते आणि प्राणिशास्त्रज्ञ रेमादेवी यांच्या गौरवार्थ तिला 'टॉर रेमादेवी' हे नाव मिळाले होते. २०१८ साली सिद्ध झाले की कावेरीचा तो प्रचंड महाशीर याच जातीचा. त्याच वर्षी जागतिक यादीत त्याची नोंद झाली ती 'अतिसंकटग्रस्त' म्हणून. आणि आपला खुद्री? तो त्याच सुमारास संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. एका माशाला वाचविताना दुसऱ्याला आपण कडेला ढकलले. महाशीर गेला परमुलखात आणि तेथे त्याने यजमानाचेच घर बळकावले. यात बिचाऱ्या माशाचा दोष नाही. नाव न विचारता त्याला तेथे नेले, हे मूळ.

येथे एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. गळाचा छंद हा एका जिवाला खेळासाठी छळणे आहे, असे म्हणणारे लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण त्याच छंदी लोकांनी दर माशाचे वजन आणि जात लिहून ठेवली नसती, तर कावेरीत काय घडते आहे याचा पुरावाच हाती आला नसता. छंद निर्दोष ठरत नाही. मात्र नोंद ठेवणारा छंद उपयोगी ठरतो.

या प्रश्नाकडे निरनिराळे देश निरनिराळ्या नजरेने पाहतात, आणि परदेशी राहणाऱ्याने ते समजून घेतलेच पाहिजे. इंग्लंडात १३ वर्षांवरील प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी सरकारी परवाना लागतो. शिवाय पाण्याच्या मालकाची किंवा क्लबाची परवानगी निराळी. तेथील नद्यांवर १५ मार्च ते १४ जून हा साध्या माशांच्या विणीचा काळ म्हणून गळ बंद असतो. मासा बहुधा परत सोडण्याची तेथे रीत आहे. जर्मनीत साधारणतः परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि प्राण्याला सबळ कारणावाचून यातना देऊ नयेत असा कायदा असल्याने केवळ गंमत म्हणून पकडणे व सोडणे तेथे गैर मानतात. पकडावयाचा तर खाण्यासाठी. स्वित्झर्लंडने तर सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडण्यास २००९ पासून मनाई केली आहे. म्हणजे इंग्लंडात जे पुण्य, ते स्वित्झर्लंडात पाप! अमेरिकेत दर राज्याचा परवाना वेगळा. तेथे १९५० च्या एका कायद्याने काठ्या-रिळांवरील कराचा पैसा माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. गळ विकत घेणारा नकळत नदीला वर्गणी देतो. न्यूझीलंडात ट्राउट पकडून खाता येतो, पण विकता येत नाही. तेथे २००४ साली एक उपद्रवी शेवाळ नद्यांत शिरले. ते बुटांच्या ओल्या तळव्यांतून या नदीचे त्या नदीत जाते म्हणून फेल्टच्या तळव्यांच्या बुटांवर बंदी आली. एका नदीवरून दुसरीवर जाताना सामान तपासणे, धुणे आणि वाळविणे हे तेथे देवळात जाताना पाय धुण्याइतके अंगवळणी पडावे लागते.

आता मुलांना कळवावयाच्या चार व्यवहाराच्या गोष्टी. मासा सोडावयाचा असेल तर त्याला कोरड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची कातडीवरची ढाल आहे, ती पुसली गेली की रोग शिरतो. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला की गळ सहज निघतो. छायाचित्र काढावे, पण मासा पाण्याबाहेर जितका कमी वेळ राहील तितके बरे. आपण श्वास रोखून धरावा आणि आपला दम संपण्याच्या आत मासा पाण्यात जावा, हे चांगले माप आहे. मिशांच्या माशांच्या पंखांत कठीण काटे असतात, ते आपल्या शिंगट्यासारखेच टोचतात. आणि खाण्यापूर्वी स्थानिक सूचना वाचाव्यात. मोठे, मासेखाऊ मासे वर्षानुवर्षे लहान मासे खातात आणि त्यांच्यातला पारा आपल्या अंगात साठवितात. अमेरिकेतील राज्ये कोणत्या तळ्यातला कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याची पत्रके काढतात. पाणी नितळ दिसते म्हणून मासा निर्धोक असतो असे नाही.

हे सारे मुलांना सांगताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे, कारण तिकडे नियम पाळणारा मुलगा इकडे आल्यावर नदी पाहून खाली मान घालू नये. १९५२ साली आफ्रिकेचा तिलापिया आपल्या देशात आला. आज 'चिलापी' या नावाने तो उजनीच्या जलाशयात इतका रुळला आहे की त्याला परका म्हणणेही लोकांना पटत नाही. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर चोरून पोसला जातो. हौसेने काचेच्या पेटीत पाळलेले मासे कंटाळा आला की तळ्यात सोडले जातात. क्रॉफ्टनच्या त्या गृहस्थात आणि आपल्यात मग फरक काय?

उलट आपल्याजवळ जपण्यासारखे पुष्कळ आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कोणी मारीत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत महाशीर असेच श्रद्धेने राखले गेले आहेत. परवान्याचे पुस्तक नाही, दंडाची पावती नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या मासा सुखरूप. आणि ज्ञान म्हणाल तर कर्जत-खालापूरच्या कातकरी वाडीवरचा म्हातारा आजही पहिल्या पावसात वलगणीचा मासा कोणत्या ओहोळातून कोणत्या खाचरात चढेल ते सांगू शकतो. ज्या शब्दांवर साइक्सने आपली शास्त्रीय नावे उभारली, तसे शब्द अजून या माणसांच्या तोंडी आहेत. साहेबाने सातासमुद्रापलीकडून येऊन ते विचारले. आपण शेजारच्या वाडीवर जाऊन किती वेळा विचारले?

तेव्हा परदेशातून छायाचित्र आले की "केवढा मोठा!" म्हणून थांबू नये. उलट टपाली विचारावे: त्याचे तिथले नाव काय, तो मूळचा तिथलाच की कोणी आणलेला, कोणत्या महिन्यात पकडला, आणि सोडलास की खाल्लास, त्याबद्दल तिथला नियम काय? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात, त्याने त्या मुलखातले पाणी ओळखले असे समजावे. आणि हेच चार प्रश्न पाताळगंगेच्या माशांविषयी आपल्याला कोणी विचारले, तर त्यांची उत्तरेही आपल्याजवळ असावीत. ती मिळविण्याचे काम येत्या पावसाळ्यात, वलगणीच्या वेळी सुरू करता येईल. त्याला परवाना लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि वाडीवरच्या माणसापाशी दोन घटका बसण्याची तयारी पुरे आहे.